टिलीची जाळी

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमध्ये, हार्डवेअर दुकानाबाहेर दर शनिवारी भाजून विकतात त्या सॉसेजसाठी रांग होती. माझ्यापुढे ग्लेनिस आणि मर्व्ह, सत्तरीतलं जोडपं, नव्या घराच्या हीटरवरून भांडत होतं.

"विजेवरचा हीट पंपच घेऊ या, मर्व्ह. छतावर सोलर आहेच."

"छे! गॅसच. आत्ताच्या घरासारखी जमिनीतल्या जाळीतून गरम हवा आली पाहिजे."

"त्या जाळीचं एवढं काय कौतुक?"

"अगं, टिलीनं झोपायचं कुठे? म्हातारी कुत्री बिचारी, हिवाळाभर जाळीवरच पडून असते. तुझा पंप बसणार वर, भिंतीला टांगून."

"म्हणजे हे सगळं टिलीसाठी?"

"मग काय माझ्यासाठी?"

"रोज सकाळी तिला हुसकावून त्या जाळीवर कोण उभं राहतं? ड्रेसिंग गाऊन गरम हवेनं फुगवून?"

"ग्लेनिस! लोक ऐकतायत."

"ऐकू देत. जमिनीलगत बसणारा पंपही मिळतो. कालच दुकानात सांगून आलेय."

"मला न विचारता?"

"टिलीला विचारलं."

"...बसवणार कुठे?"

"बाथरूमच्या दाराशेजारी."

"बरं. पण त्याच्यासमोर टिलीला धरून दोघांपुरती जागा सोडायला सांग."