चकती आणि शीळ

हॅलो? … कोण? … अगं ओकरान! हळू बोल, मी दवाखान्यात आहे, समुद्रात नाही.

हो, हो… जिवंत आहे. यंत्राला विचार हवं तर. न्यूमोनिया झाला म्हणून छातीवर सेन्सरची चकती चिकटवलीय, उशाशी यंत्राचा पडदा. मी श्वास घेतला की रेघ वर, सोडला की खाली. माझ्या श्वासाचं इतकं कौतुक आजवर नवऱ्यानंही केलं नव्हतं बाई!

जेवण? … शिंपल्यांची पेज म्हणे. जेजू बेटावर राहून ही पेज! शिंपलं शोधायला वाडग्यात बुडी मारावी लागली मला.

काय ऐकलंस? … कोण म्हणालं मी नर्सना धावायला लावलं? … अगं ऐक ना! काल दुपारी पडल्या पडल्या कंटाळा आला. म्हटलं, बघावं तरी, आपल्या पाणबुड्या बायकांचा दम अजून टिकतो का. डोळे मिटले, धरला श्वास. मनातल्या मनात तळाशी पोचले, एक शंख उचलला, दुसऱ्याला हात घालते तोच जी काय घंटा सुटली! नर्सा काय, डॉक्टर काय, ती ढकलगाडी काय! म्हटलं, थांबा हो, मला वर तरी येऊ द्या!

हसू नकोस. डॉक्टर नाही हसला. … तरणाताठा आहे गं. म्हणतो कसा, "आजी, श्वास रोखून धरणं घातक आहे." म्हटलं, वा! याच घातक धंद्यावर पोरं शिकवली मी. … मग काय, पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, रात्री झोपेतही थांबतो तुमचा श्वास. आता झोपेत काही मी मुद्दाम धरत नाही ना…

हं. … नाही, खरंच असेल. सेन्सर कशाला खोटं बोलेल, त्याचं माझं थोडंच वैर आहे? पण पाण्यात उतरायचं विसरा म्हणतो.

ते जाऊ दे. आज समुद्र कसा होता? … काय मिळालं? … एवढं? अरे वा! आणि जोडीला कोण होतं?

ओकरान, जोडीला कोण होतं?

बाकीच्या जोडीनं गेल्या, ते कळलं गं. तुझ्याबरोबर कोण? … मी नाही म्हणून एकटीच? … "जवळच होते"! शाबास! बुडणाऱ्याला जवळ-लांब कळतं वाटतं? वर आलं की कोंडलेला श्वास सोडत शीळ घालायची, जोडीदारणीनं ती ऐकायची, इतकी वर्षं हेच करतोय ना आपण? आज तुझी शीळ कुणी ऐकली?

तुझा आवाज का असा येतोय? … डोळ्यांपुढे अंधारी? … इतका वेळ खाली काय करत होतीस? … "अजून एकच शिंपलं"! त्या एका शिंपल्यापायी गेलेल्यांना आपणच किनाऱ्यावर ओढून आणलंय ना गं? विसरलीस?

ओरडत नाहीये मी. घाबरलेय. … अगं, माझा एक श्वास चुकला तर इथं अख्खा दवाखाना धावतो. तुझा चुकला तर कोण धावणार? मासे?

उद्या उतरायचं नाही. … परवाही नाही. जोडीदारीण मिळेपर्यंत नाही. … शपथ नको, शपथा तू ढिगानं घेतेस. शीळ घाल. … हो, आत्ता. पाण्यातून वर आल्यावर घालतेस तशी. … शेजारी ऐकतील तर ऐकू देत! छातीत काय आहे ते कळू दे मला.

… अर्धीच आली. खरखरतेय. परत. … फोन तोंडाजवळ धर. … थांब, बोलू नको…

…

…हं. आता आली पुरती.

अगं बाई, घंटा! आल्या बघ सगळ्या धावत! … काही नाही हो, काही झालं नाही! तिचा श्वास ऐकत होते, माझा घ्यायचा राहिला… अहो डॉक्टर, फोन कुठे नेताय? ओकरान, उद्या नाही हं! उद्या ना—