पिवळा पट्टा आप्पांच्या हाताला

हॅलो? … हॅलो, चिमे? हो, ताईच बोलतेय. पोचले गं, पोचले. इमर्जन्सीतच उभी आहे… आई बरी आहे. म्हणजे… बरीच आहे. पण पेशंट ती नाहीये.

अगं, बाथरूममध्ये आईच पडली, मनगट तिचंच सुजलंय, मला ठाऊक आहे! आप्पांनी फोनवर तुला सांगितलं तेच मलाही सांगितलं. पण इथे कॉटवर आप्पा आहेत… आपले आप्पा, दुसरे कुणाचे! अंगात तो मागून नाड्या बांधायचा झगा, छातीला वायरी. आणि आई शेजारी स्टुलावर, केस नीट विंचरून, मांडीवर पर्स घेऊन डॉक्टरांना समजावतेय.

काय म्हणते? म्हणते, "यांच्या डोक्यात हल्ली काही राहत नाही हो. गॅस चालू ठेवून जातात." … हो, हो, गॅस तीच चालू ठेवते! मला काय सांगतेस?

हसू नकोस. मला रडावं की हसावं तेच कळत नाहीये.

अगं ऐक ना… मधे बोलू नकोस. आप्पा घाईत कानाचं मशीन घरी विसरलेत. पायात एक चप्पल स्वतःची, एक आईची. दाढी वाढलेली. कुणी काही विचारलं की नुसती मान हलवतात. कानाशी ओरडून विचारलं आज वार कोणता, तर म्हणाले, "हिला विचारा." … हो गं, जन्मभर तेच उत्तर देत आलेत, पण डॉक्टरांना काय माहीत? आणि आई चारचौघांत कशी ठणठणीत बोलते, तुला माहितीये. मुख्याध्यापिका ती! लावला पिवळा पट्टा आप्पांच्या हाताला.

पट्टा म्हणजे… विसरणाऱ्या पेशंटला लावतात इथे. 'रुग्णास एकटे सोडू नये' असं लिहिलंय त्यावर.

सांगितलं मी! आल्या आल्या सांगितलं, अहो, उलटं झालंय, विसरण्याचा आजार हिला आहे. तर आई म्हणाली, "ही आमची मोठी. जरा लवकर घाबरते." … अगं चिमे, डॉक्टरांचं सोड, माझाच माझ्यावर विश्वास बसेना!

हात? एक्स-रे काढला आता तिचा. हाड शाबूत आहे, नुसता मुका मार. … तुझ्या सुट्टीचं नंतर बघू, थांब, डॉक्टर बोलावतायत. ठेवू नकोस हं…

…

चिमे? आहेस ना? … ऐक. आप्पांचा ईसीजी चांगला नाहीये. म्हणजे… अटॅक येऊन गेलाय गं. काल की परवा, कोण जाणे. त्यांचा डावा हात दुखत होता म्हणे… मला कुठे सांगितलं? तुलाही नाही ना? "मी पडलो तर हिच्याकडे कोण बघणार," म्हणतात. रोज फोनवर 'आम्ही मजेत' म्हणायचे, आणि आपणही मजेतच धरून चाललो.

हो ना… चुकून त्यांना तपासलं नसतं, तर आईच्या हाताला पट्टी बांधून दोघं घरी गेले असते. जिना चढून.

रडू नकोस गं. मलाही रडू येतंय, पण आत्ता नको.

अगं, उठायला बघतायत! वायरी ओढतायत… आप्पा! अहो आप्पा, झोपा ना! … ऐकतच नाहीत. थांब. आई उठलीये. त्यांच्या छातीवर हात ठेवलाय, दुखरा हात. म्हणतेय, "पडून राहा गप. मी आहे ना इथे." … ऐकू आलं की नाही देव जाणे, पण झोपले गं. डोळेही मिटले.

आता काय? सिस्टर कात्री घेऊन आल्यात. पट्टा चुकून लागला ना, तो कापायला… आई कापू देत नाहीये. अगं आई, सोड, तो पट्टा तुझा आहे… आई, त्यांना काढू दे ना…

नाही, चिमे. म्हणतेय… म्हणतेय, "काढू नका. नीट वाचा. यांना एकटं सोडायचं नाही."

…

हो. आहे मी. … सुट्टी मिळो न मिळो, तू निघ. आत्ता निघ. … ठेवते.