घरातलं बहुमत

डोळ्यांच्या दवाखान्यात आपल्या नंबराची वाट बघत मास्तरांनी पुस्तक उघडलं खरं, पण कान लागले होते शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि ते काही केल्या आत जायला तयार नव्हते.

"ही लोकशाही नव्हे, दांडगाई आहे."

"अहो, जेवताना रीतसर मतदान झालं. मुलगा, सून, नात, तिघांनी हात वर केले. बहुमत झालं."

"डोळा माझा आणि मतं त्यांची?"

"घरात मतदानाची पद्धत आणली कोणी? तुम्हीच ना?"

"तेव्हा मी जिंकत होतो."

"मग आता बसा जरा विरोधी पक्षात."

"एकटाच? मला या डोळ्यांनी कुठे कुणाचे हात दिसतात! तुझा होता का वर?"

"नव्हता."

"म्हणजे तू माझ्या बाजूने?"

"डोळ्याला सुरी लावणार म्हटल्यावर माझा धीरच झाला नाही. हात उचलेचना."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"दोघांनीही भीती दाखवली असती, तर तुम्हाला इथवर आणलं कोणी असतं?"

आतून नाव पुकारलं गेलं. आजोबा उठले.

"चल, दारापर्यंत तरी ये. हरलोय ते दोघंही हरलोय."