मागच्या फळीतली सून

(फुटबॉलच्या मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्या. मध्यंतर नुकतंच संपलंय. आजीच्या हातात फोन, स्पीकर चालू. पलीकडे घरी आजोबा आणि आठ महिन्यांची नात.)

आजोबा — मग पुढे काय झालं? अगं, मध्येच गप्प काय बसतेस?

आजी — बघू तर द्या. ती पलीकडच्या संघातली लाल बुटांची पोरगी आपल्या सुनेला ओलांडून सुसाट गेली. नशीब, चेंडू बाहेर मारला तिनं. नाहीतर गोलच होता.

आजोबा — म्हणजे आपली मागे पडली.

आजी — चांगलीच मागे पडली.

आजोबा — मी काय सांगत होतो? आठ महिन्यांची बाळंतीण ती. विशीतल्या पोरींबरोबर पळायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

आजी — नात काय करतेय?

आजोबा — खांद्यावर आहे. किरकिरतेय. त्यासाठीच तर फोन केला.

आजी — त्याला झाला अर्धा तास. अजून ठेवला नाहीत. एवढी हौस होती तर सरळ यायचं होतं.

आजोबा — मला कसली हौस? टीव्हीवर दाखवलं असतं तर विचारलंही नसतं. तिथे पुरुषांची गेल्या वर्षीची मॅच लावून बसलेत.

गोलकीपर — काकू, जरा सरकता? तुम्ही तिच्या सासूबाई ना? लग्नात बघितलं होतं तुम्हाला. मी पूर्वी हिच्याच संघात होते, गोलकीपर. नऊ वर्षं तिच्या पाठीमागे गोलात उभी राहिले.

आजी — बसा बसा. बरं झालं, कुणीतरी जाणकार भेटलं. ती लाल बुटांची पोरगी काही हिला ऐकायची नाही, असं दिसतंय.

गोलकीपर — एकदा चकवून गेली ना? आता मजा बघा. हिला एकदाच कुणीतरी चकवतं. दुसऱ्या वेळेला ही तिथे आधीच उभी असते.

आजोबा — कोण बोलतंय?

आजी — हिची जुनी मैत्रीण आहे. ऐका गुपचूप.

गोलकीपर — नमस्कार काका. तुमच्या सुनेला आम्ही काय म्हणायचो, माहितीय? कुलूप.

आजी — घरीही कुलूपच आहे. तोंडाला. सहा वर्षं झाली लग्नाला, तिचा आवाज कसा आहे ते शेजाऱ्यांना ठाऊक नसेल. हो आणि नाही, एवढ्यावर संसार चाललाय.

गोलकीपर — कोण, ही? काकू, तो फोन जरा मैदानाकडे धरा.

आजोबा — हे कोण ओरडतंय?

आजी — अहो...

आजोबा — अगं, ती बाई कोण? ‘डावी आत ये, आत, पाठ बघ, सोड, आता सोड.’ केवढा खणखणीत आवाज आहे. कोच आहे का?

आजी — आपली सून आहे.

आजोबा — काहीतरीच काय.

आजी — मी डोळ्यांनी बघतेय. सगळ्यांच्या मागे उभी राहून एकेकीला हाकारतेय, आणि त्या ऐकतायत हो. ती हात करेल तिकडे पाच-सहा जणी सरकतात. हिच्याकडून मला चहात साखर हवी का नको एवढं काढून घ्यायला दोन वर्षं लागली.

आजोबा — थांब, बाळ गप्प झालं.

आजी — काय झालं?

आजोबा — काही नाही. फोनकडे टक लावून बघतेय. आईचा आवाज ओळखला तिनं. मी नाही ओळखला.

गोलकीपर — काकू, बघा, लाल बूट परत आली. आता हिचे पाय बघा, चेंडू नका बघू.

आजी — ही तर मागे मागे जातेय. अगं, घे की चेंडू. हात बांधून वाट काय बघतेस?

गोलकीपर — घ्यायचाच नाहीये तिला. आतली वाट बंद करून तिला कडेच्या रेषेकडे नेतेय. पोरीला वाटतंय आपण पळतोय. खरं तर ही तिला पळवतेय.

आजोबा — म्हणजे गल्लीत घालतेय. मी सांगतो ना. मोठी गाडी अरुंद गल्लीत शिरली की ड्रायव्हर कितीही तरबेज असो, वळणार कुठे?

गोलकीपर — अगदी बरोबर, काका.

आजोबा — पस्तीस वर्षं बस चालवली मी. समोरच्या गाडीचा सिग्नल बघायचा नसतो, चाकं बघायची. सिग्नल खोटं बोलतो, चाक नाही बोलत. ही काय बघते?

गोलकीपर — कंबर. ती म्हणायची, पाय फसवतात, डोळे फसवतात. कंबर ज्या बाजूला वळते, माणूस तिकडेच जातो.

आजोबा — हे तिला कुणी शिकवलं?

गोलकीपर — कुणी नाही. सोळाव्या वर्षी आली तेव्हा मुलींचा संघ नव्हता, मुलांबरोबर खेळायची. अंगानं त्यांच्यापुढे टिकायची नाही, म्हणून आधी ओळखायला शिकली. दोनदा नाक मोडलं, एकदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुढे देशाकडून खेळली.

आजी — नाक मोडलेलं आहे? आम्हाला वाटलं जन्मापासून तसंच आहे. मी तर पाहुण्यांना सांगते, तिच्या आजोळच्यांचं नाक आहे म्हणून.

आजोबा — त्या लाल बुटांचं काय झालं?

आजी — काय होणार? रेषेबाहेर गेली चेंडू घेऊन. कंबरेवर हात ठेवून उभी आहे बिचारी. आपलीनं तर अंगाला बोटसुद्धा लावलं नाही.

आजोबा — किती किती?

आजी — आपण एकानं पुढे. अजून वीसेक मिनिटं आहेत. अहो, गेलं. गेलं सगळं. आपल्या चौघीजणी एकदम पुढे पळाल्या आणि ती लाल बुटांची एकटी मागे मोकळी सोडली. चेंडू तिच्याकडेच गेला. काय हा वेडेपणा.

गोलकीपर — काकू, झेंडा बघा.

आजी — कसला झेंडा? हो, त्या बाजूच्या बाईनं वर केलाय. आणि शिटी वाजली. गोल नाही?

गोलकीपर — ऑफसाइड. पास सुटतो त्या क्षणाला आपल्या शेवटच्या खेळाडूच्या मागे समोरची कुणी शिरलेली चालत नाही. हिनं बरोबर पास सुटायच्या आधी ‘चला’ म्हटलं. चौघी एका पावलात पुढे. पोरगी जागची हलली नाही, तरी चुकीच्या जागी सापडली.

आजोबा — आणि एखादी मागे राहिली असती तर?

गोलकीपर — तर गोल, काका. एकीचा पाय अडखळला तरी गोल. हिच्या शब्दावर डोळे मिटून उडी मारावी लागते. मी मारलीय नऊ वर्षं. मला गोलात कधी भीती वाटली नाही, याचं कारण ती समोर उभी असायची. आता अजून दोन वर्षं या पोरींची चैन आहे.

आजी — दोन वर्षं कुठली?

गोलकीपर — करार करतायत ना तिच्याशी. आज मॅच संपली की हो म्हणायचंय. मी त्यासाठीच आले, तिला मिठी मारायला.

आजी — अहो बाई, ती सोडतेय. ही शेवटची मॅच.

गोलकीपर — कुणी सांगितलं?

आजोबा — मी सांगितलं. सकाळी. म्हटलं, मुलगा बारा महिने बोटीवर, घरात तान्हं मूल, आता हे पुरे. तिनं ‘बरं’ म्हटलं.

आजी — ती काहीही सांगितलं तरी ‘बरं’च म्हणते.

गोलकीपर — काका, मोठ्यांपुढे बोलू नये, पण बोलते. मी सोडलं तेव्हा माझे दोन्ही खांदे निकामी झाले होते. मला वर हात करून केस बांधता येत नाहीत. तिचं काय निकामी झालंय?

आजी — अहो, ऐकताय ना?

आजोबा — ऐकतोय.

आजी — काहीतरी बोला मग.

आजोबा — तू खेळ सांग. किती राहिलं?

आजी — शेवटची मिनिटं चालू आहेत म्हणे. कोपऱ्यातून चेंडू मारतायत ते लोक. सगळ्या जणी गोलाच्या तोंडाशी जमल्यात. उडाला चेंडू. आपल्या संघाची गोलकीपर पुढे धावली, तिचा हात चुकला. गोल उघडा पडलाय हो.

आजोबा — मग? अगं, मग काय? तोंड उघड.

गोलकीपर — काका, मी सांगते. त्या पोरीनं जवळून, पूर्ण ताकदीनं मारला. तुमची सून रेषेवर होती. कधी गेली, देव जाणे, मीसुद्धा बघितलं नाही. तोंडावर घेतला तिनं. चेंडू उडून बाहेर गेला.

आजोबा — आणि ती?

आजी — खाली पडलीय. उठत नाहीये.

आजोबा — नीट बघ.

आजी — उठली. गुडघ्यावर बसलीय. नाकातून रक्त येतंय. तोंड पुसलं शर्टाला आणि... काय बाई ही. अहो, ओरडतेय. ‘जागा घ्या, जागा घ्या, संपलं नाही अजून.’ सगळ्या जणी पळतायत आपापल्या जागी.

आजोबा — येतंय ऐकू. मला ऐकू येतंय.

आजी — ही बाई आपल्या घरात राहते. माझ्यासमोर बसून भाजी निवडते, आणि मी तिला म्हणते, देठं नीट काढ.

आजोबा — शिटी वाजली का?

आजी — वाजली. जिंकलो.

गोलकीपर — काकू, तिकडे बघा. कोचबाई तिच्याकडे गेल्यात. विचारतायत.

आजी — नाकाला रुमाल धरून उभी आहे. मान हलवतेय. अहो, नाही म्हणतेय ती.

आजोबा — नाही म्हणतेय?

आजी — तुम्हाला ‘बरं’ म्हणाली होती ना. शब्दाची पक्की आहे. कोचबाईंनी दोन्ही हात धरलेत तिचे, तरी मान हलवतेय. मला नाही बघवत.

आजोबा — तू खाली जा.

आजी — मला कोण सोडेल मैदानात?

गोलकीपर — मी सोडते ना. चला काकू, माझा दंड धरा, पायऱ्या उंच आहेत.

आजोबा — फोन बंद करू नकोस.

आजी — नाही करत. दमा जरा. आले. अगं, आधी नाक बघू तुझं. बरं, हे घे. हे घरून बोलतायत.

सून — बाबा, बाळ फार रडतंय का? मी निघालेच. कपडे बदलते आणि येते.

आजोबा — रडत नाहीये. झोपली माझ्या खांद्यावर.

सून — बरं.

आजोबा — ‘बरं’ म्हणू नकोस लगेच. मी एक विचारतोय, त्याचं नीट उत्तर दे. तुमचा सराव सकाळी किती वाजता सुरू होतो?

सून — सहा वाजता. पण बाबा, मी त्यांना आत्ताच सांगितलं की...

आजोबा — ते मला कळलं. त्यांना म्हणावं, सासऱ्यांची चूक झाली. साडेपाचला मुलगी माझ्याकडे देत जा.