कोरड्या दिवसांत फुगलेलं दार

अप्पा : ओढू नकोस. अशाने दार उघडणार नाही, कडी मात्र उपटून हातात येईल. सरक बाजूला.

लेक : मघाशी मी आत आले तेव्हा उघडलं होतं की!

अप्पा : उघडलं नव्हतं, तू खांद्याने लोटलं होतंस. मग मी ते आपटून लावलं, आता बसलंय घट्ट. पटाशी दे माझी. खिडकीखालच्या हत्यारांच्या पेटीत आहे.

आई : मी म्हणत होते, आज दार लावू नका.

अप्पा : खाटेवरून हुकूम सोडू नकोस. खुब्याचं हाड जुळेपर्यंत पडून राहायचं, एवढंच काम आहे तुला.

आई : पडूनच आहे. पडल्यापडल्या जे दिसतं ते बोलते, तर म्हणे हुकूम.

लेक : अप्पा, सारखं का अडतंय हे?

अप्पा : लाकूड आहे. फुगतं.

लेक : पावसाळ्यात फुगतं. आत्ता हवेत ओल आहे कुठे? माझे ओठ फुटलेत. गल्लीतून येताना पायाखाली नुसता पाचोळा वाजत होता.

अप्पा : लाकडाचं तू मला सांगणार? जन्म गेला माझा भुशात.

लेक : सांगत नाही, विचारतेय.

अप्पा : तुझं विचारणं मला कळतं. आईने फोन करून बोलावलं, तू आलीस, आणि बॅग उघडायच्या आधीच म्हणालीस, ‘चला माझ्याकडे.’ मायलेकींचं आधीच ठरलंय. आता दार अडलं काय, पाल चुकचुकली काय, तुम्हाला निमित्त हवंय.

आई : पाल चुकचुकतही नाही हो. दिव्यामागची पाल केव्हाच गेली.

अप्पा : ऐक! पाल गेली म्हणून घर सोडायचं.

लेक : आई, तू फोनवर जे सांगत होतीस ते अप्पांना सांगितलंस का?

आई : सांगितलं. मी बोलायला लागले की त्यांना नेमका खोकला येतो.

लेक : आज सांग. अप्पा, तुम्ही पटाशी मारत राहा, कान तर मोकळे आहेत ना?

आई : कुठून सुरू करू? मागच्या भिंतीवर शेवाळ असायचं, आठवतं? पाऊस सरून कपडे खडखडीत वाळायला लागले तरी ते हिरवंच राहायचं. सावलीतलं, मऊ. हात लावला की लहान बाळाच्या टाळूवर ठेवल्यासारखं वाटायचं. यंदा थंडी नीट पडायच्या आधीच ते तपकिरी झालं, पापुद्रे सुटले. मग मोरीतला बेडूक गेला.

अप्पा : बरी पीडा गेली.

आई : तुम्ही त्याला पीडा म्हणायचात, मला त्याची सोबत होती. जमीन आतून वाळत चालली, तो काय करेल? शेजारच्या खड्ड्यातला पंप इतके दिवस रात्रंदिवस पाणी उपसत आलाय. ते पाणी त्यांच्या एकट्याच्या जमिनीतलं थोडंच आहे?

अप्पा : ते लोक तळघर काढतायत. त्यांचे इंजिनिअर आहेत, नकाशे आहेत. त्यांना अक्कल नाही आणि तुझ्या बेडकाला आहे?

लेक : खड्डा केवढा झालाय, पाहिलात तुम्ही?

अप्पा : मला घरातली कामं कमी आहेत का?

लेक : मी पाहिला. आपल्या भिंतीला लागून सरळ खाली उतरलाय. मातीचे थर सगळे उघडे पडलेत. वरच्या थरातून वेलीची मुळं बाहेर लोंबतायत, अप्पा. आपल्या वेलीची.

आई : अगंबाई. म्हणून.

लेक : काय म्हणून?

आई : खिडकीच्या गजाला गुंडाळलेली ती वेल. नेहमी सैल असते, वाऱ्यावर हलते, दुपारी तिची सावली माझ्या चादरीवर खेळते. गेल्या आठवड्यापासून ती ताठ झालीय, तारेसारखी. वारा आला तरी पानं तेवढी थरथरतात, वेल हलत नाही. मला वाटलं, वाळली असेल. पण ती हिरवी आहे ग. तिला कुणीतरी ओढतंय.

अप्पा : वेलीवरून घराची परीक्षा! उद्या चिमणीला विचारून पाया घालू.

लेक : मी अग्निशामक दलाला फोन केलाय.

अप्पा : काय केलंस?

लेक : गल्लीत, खड्डा पाहिला तेव्हाच. निघालेत ते. पण म्हणाले, आमची वाट पाहू नका, माणसं आधी बाहेर काढा.

अप्पा : माझ्या घराला बंब बोलावलास? न लागलेल्या आगीला? गल्लीत काय तोंड दाखवू मी?

लेक : बाहेर पडलात तर दाखवाल ना तोंड!

आई : भांडू नका दोघं. जरा गप्प बसून ऐका.

अप्पा : काय ऐकायचं?

आई : काहीच ऐकू येत नाही, तेच. पंप थांबलाय. सकाळपासून थांबलाय.

लेक : मग बरंच नाही का?

आई : इतके दिवस जमीन सुकत गेली, आता खालून पाणी परत येतंय. पहिल्या सरीनंतर बांध कसा खचतो, पाहिलंयस ना? कोरडा असतो तोवर उभा असतो बिचारा. आपल्याकडे यंदा ऋतू उलटे चाललेत. पाऊस वरून नाही, खालून येतोय.

अप्पा : पुरे! पुरे झालं तुझं काव्य. हे दार मी माझ्या हाताने केलंय. चौकट मी बसवली. लाकूड दोन पावसाळे उघड्यावर ठेवून मुरवलं, मग हात लावला. गेल्या पावसाळ्यापर्यंत करंगळीने उघडायचं. आणि आता...

लेक : आता किती वेळा रंधा मारलात याला?

अप्पा : अडलं की मारतो.

लेक : दाराच्या कुठल्या बाजूला?

अप्पा : वरच्या. वरच घासतंय. थोडं तासलं की दोन दिवस गुण्यागोविंदाने चालतं, मग पुन्हा घासतं.

लेक : लाकूड फुगलं तर वरच्याच बाजूने फुगतं का?

अप्पा : नाही. उंचीत नाही फुगत लाकूड. रुंदीत फुगतं.

लेक : मग?

अप्पा : गुण्या दे. तो काटकोनाचा, लोखंडी. पेटीच्या तळाशी आहे. लवकर.

आई : काय झालं हो?

अप्पा : थांब. बोलू नकोस. ह्या कोपऱ्यात लावतो... इथून उजेड दिसतोय का ग तुला, गुण्या आणि चौकटीच्या मधून?

लेक : दिसतोय. बोट जाईल एवढी फट आहे.

अप्पा : आणि त्या कोपऱ्यात?

लेक : तिथे गुण्या बसतच नाहीये. कोपरा चेपलाय.

अप्पा : माझी चौकट होती ही. हिच्या कोपऱ्यात केस गेला नसता.

लेक : म्हणजे भिंत उतरतेय?

अप्पा : दार अडलेलं नाही, पोरी. ह्याने धरून ठेवलंय. वरचा सगळा भार चौकटीतून दारावर आलाय आणि हे तो डोक्यावर घेऊन उभं आहे. मी तासत गेलो, तसतशी मी भिंतीला उतरायला जागा करून देत गेलो.

लेक : ते नंतर. आता उघडायचं कसं?

अप्पा : उघडायचं नाही! हात काढ. काढ म्हणतो ना! हे सुटलं तर वरचं खाली येईल.

लेक : खिडक्यांना गज आहेत. दुसरी वाट नाही.

अप्पा : वाट हीच. आधी टेकू द्यायचा. माझ्या हत्यारांच्या मांडणीचे पुढचे दोन उंच खांब उचकट. सागाचे आहेत, ते तरी खोटं बोलणार नाहीत. त्या पहारीने... तशी नाही, खालून घाल. हां. ओढ.

आई : मला उठून बसता येईल. मी काही मदत...

अप्पा : तू हलायचं नाहीस! तू... बघत राहा. छताकडे बघ, त्या भिंतीकडे बघ. काही बदललं की सांग.

आई : सांगते.

लेक : हा घ्या खांब. पुरेल का?

अप्पा : थोडा आखूड आहे. खाली फळी सरकव. वर पाचर मारतो. हळू... एकदम ठोकायचं नाही, भिंतीला कळलं नाही पाहिजे. दुसरा दे.

आई : कोपऱ्यातून माती गळतेय. बारीक, पिठासारखी.

अप्पा : सलग गळतेय की थांबून थांबून?

आई : थांबून थांबून. अहो, आता सलग.

लेक : अप्पा, पटकन!

अप्पा : घाई केली तर मरू सगळे. बिजागरीची खीळ वर ठोक तू. खालची आधी. घाबरू नकोस, भार आता टेकूवर आहे.

लेक : निघाली.

अप्पा : मधली... वरची मी काढतो. आता दोघांनी मिळून आत ओढायचं. वर नाही, आत. माझ्याबरोबर. हं!

(आतल्या खोलीत फरशी तडकल्याचा आवाज.)

लेक : निघालं! आलं बाहेर!

अप्पा : टाक तिकडे. राहू दे, पडलं तर पडू दे. खुर्ची आण. आईला खुर्चीत घे. मी पाठ धरतो, तू पुढचे पाय धर. टेकूला धक्का लागता कामा नये, कळलं?

आई : आई ग!

लेक : दुखतंय, आई?

आई : दुखतंय. चला तुम्ही. दुखतंय म्हणजे मी आहे अजून.

अप्पा : मान खाली. अजून. उजवा कोपर पोटाशी घे. पायरी आहे, पोरी, मागे बघून उतर.

लेक : उतरले.

अप्पा : थांबू नकोस. रस्ता ओलांड. पलीकडच्या कठड्यापर्यंत. बस. इथे ठेव. टेकव हळू.

लेक : बंबाचा आवाज येतोय. कोपऱ्यावर आलेत. मी जाते, वाट दाखवते त्यांना. तुम्ही घराकडे जायचं नाही, अप्पा. माझी शप्पथ आहे तुम्हाला.

अप्पा : नाही जाणार. जा तू.

आई : बसा ना जरा.

अप्पा : राहू दे. घर उभं आहे अजून.

आई : आहे.

अप्पा : थोडं डावीकडे झुकलंय. लांबून दिसतंय ग. लांबून स्पष्ट दिसतंय. मी आतच असायचो.

आई : मीही आतच होते.

अप्पा : तुला दिसलं.

आई : मला दुसरं काम नव्हतं हो. तुम्हाला दाराची काळजी होती, मला बेडकाची. आता उगाच तोंड पाडून बसू नका.

अप्पा : डोळे का मिटतेस? घेरी येतेय का?

आई : नाही. ऊन तोंडावर येतंय. किती महिन्यांनी आलंय, सवय राहिली नाही.

अप्पा : थांब. मी इथे उभा राहतो. आली सावली?

आई : कपाळावर आली. डोळ्यांवर नाही. थोडं इकडे... हां. बास. पण ऊन फिरेल आता थोड्या वेळात.

अप्पा : फिरू दे. तू सांग, मी सरकेन.