अकरावा सोमवार

...आणि दोनदा पुन्हा पहिल्यापासून! तुम्हाले सांगते बायांनो, लोकांचे सोळा सोमवार चार महिन्यांत उरकतात, माझे वर्षभर चालूच आहेत. चूक माझीच. आमची पोट्टी पिंकी बेंगळुरूहून म्हणाली, बाबा मनाच्या डॉक्टरकडं जातील तरच मी दिवाळीला घरी येईन. अन् मी महादेवापुढं बोलून बसली, ह्यांनी सोळा सोमवार तिथं जावं, मी सोळा उपास करीन, ह्यांचं जाणं सुटलं की माझाही मोडला, मोजणी पुन्हा पहिल्यापासून! काहून बोलली असं? जाऊ द्या... महादेवाले घाई नाही, मले काहून असावी?

पहिले डॉक्टर ह्यांना पाहून खुर्चीतून उठले नाहीत, म्हणून ह्यांनी जाणं सोडलं. तीन सोमवार पाण्यात. दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं... सात गेले. नवा डॉक्टर पटवायलाच महिने लागले. आता तेलीबांधा वस्तीतल्या डॉक्टर इरावती मॅडम. त्यांनी एकदा मलेही बोलावलं, शांतपणे सांगितलं, ह्याला नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात, माणूस आतून भेदरलेला असतो म्हणून बाहेरून मोठेपणा लागतो, फरक पडतो, पण टिकून यावं लागतं. मी पदर डोळ्याले लावला, आणि हे? रस्ताभर खूश!

"ऐकलंस ना, केवढं मोठं नाव आहे? मामुली बीमारी मला होतच नाही."

स्कूटरवर मागं बसून मी बोटांवर उरलेले सोमवार मोजले. महादेवाले घाई नाही...

घरात दोघंच हो. ह्यांचं सुरू असते, ऑफिसातले साहेब काय म्हणाले, ह्यांनी त्यांना कसं गप्प केलं, अन् मी हव, हव करून राहिली. माझं काही असलं तर तुळशीशी बोलते. तुळस निदान मधातच बोलणं तोडत नाही.

तर काल अकरावा. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, दिवेलागणीला पूजेचं ताट मांडून राहिली होती, तर हे मॅडमकडून आले, समोर खुर्ची ओढून बसले. म्हणे होमवर्क आहे, बायकोला तिच्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. घसा साफ केला, आणि...

"सुशीला, तू जेवलीस का?"

बायांनो, चोवीस वर्षं झाली लग्नाले. हे मले कोणी विचारलं नव्हतं. विचारलं तेही नेमकं सोमवारी! हातातलं बेलपान ताटात ठेवलं मी. म्हटलं, "नाही हो, आज माझा..."

"थांब. कसं विचारलं मी?"

"छान विचारलंत."

"आवाज जरा मऊ हवा होता का? नाही, बरोबरच होता." लगेच वही काढून खूण केली. मी हळूच म्हटलं, अन् माझं उत्तर?

"उत्तर ऐकायचं पुढच्या हप्त्यात आहे. मॅडम एकेकच शिकवतात."

पुढच्या हप्त्यात! म्हणजे जाणार आहेत! बारावा पक्का! तिथंच हात जोडले मी. महादेवाले घाई नाही, बायांनो... मले फक्त भूक लागली होती.