काटा थांबेपर्यंत

माह्यं माहेर वरूडकडचं, संत्र्याच्या मुलुखातलं. बाप लोकाच्या बगीच्यात संत्रा तोडे अन् माय निवडायले बसे, म्हणजे मोठा संत्रा एका ढिगात, बारीक दुसऱ्या ढिगात. आमी चार बहिणी, आमाले कोणी निवडलं नाई, कोणी तोललं नाई, माय म्हणे पोट्ट्या गवतावाणी वाढतात, त्यायच्याकडे काय पाहा लागते. बारावी झाली, लग्न झालं, अन् आली मी अठी बाळापूर तालुक्यात. तठी संत्रा, अठी कपाशी अन् तूर, पहिलं वर्षभर मले करमेच ना. मंग गावात अंगणवाडीची जागा निघाली अन् सासरा म्हणे, शिकलेली सून का चुलीपाशी बसवाले आणली, भर फॉर्म. तो माणूस आता राहिला नाई, पण तो होता म्हणून मी आज सेविका हाय.

बारा वर्षं झाली आता. विहाराच्या बाजूले आमची खोली हाय, तठी छताले काटा टांगलेला, त्याले कापडाची चड्डी, लेकरू त्या चड्डीत बसवायचं अन् सोडायचं. लेकरू पाय झाडते, काटा थरथरते, तो थांबला का आकडा वाचायचा. आता आकडा मोबाइलात भरा लागते, भरला का आपोआप रंग येते, हिरवा म्हणजे बरं, पिवया म्हणजे सांभाळा, तांबडा म्हणजे दवाखान्यात न्या. आता हे सोपं वाटते, पण सुरुवातीले काय सांगू तुमाले, एक बाई लेकरू काट्यात घालू देये नाई. म्हणत, तोलायचा तो कापूस, तोलायची ती तूर, लेकराले तोललं का नजर लागते अन् ते वाढाचं थांबते. सगळ्यात आघाडीवर कोण, तं माह्यीच सासू, आत्याबाई. मी घरोघरी फिरली, भांडली, एकेकीले म्हणलं काहून व, नजरेनं का लेकरू सुकते, घासानं सुकते. तोंड माह्यं पहिल्यापासूनच फाटकं, मी कोणाले सोडत नाई. एखादीचं पोट्टं पिवयात गेलं का चारचौघीत इचारो, काहून देत नाई व पोराले खायाले? ते आठवलं का आता माह्यंच मले कसंतरी होते.

कारण मंग माह्यी वेय आली. लग्नाच्या अकराव्या वर्षी पोरगी झाली, मैत्री तिचं नाव. नऊ वर्षं लोकायचे लेकरं तोलले अन् मंग हे आपलं हाती आलं, तं मले जमिनीवर ठेववे ना. ते निजली तं नाकापाशी बोट धरून पाहो, श्वास चालू हाय का नाई. शिंकली तं भेव, नाई शिंकली तं भेव. आमचे हे ट्रॅक्टर चालवतात, ते म्हणत तू गावाले शिकवतं अन् घरी पिसाटतं. दोन वर्षं बरी होती पोट्टी, मंग खाणंच सोडलं तिनं. घास गालात धरून बसे, अर्धा अर्धा तास, ना गिये ना थुके. बकरीमांगं फिरवून चारलं, मोबाइल दाखवून चारलं. आत्याबाई म्हणत नसन खात तं दूध पाज, मंग दिवसभर बाटलीनं दूध, सकायी दूध, दुपारी दूध. अन् पोट्टी भिंतीचे पोपडे खाये. आता पाहा, भिंत खाणाऱ्या लेकराच्या अंगात रक्त कमी असते हे मी गावाले सांगतो, तोंडपाठ हाय मले, अन् घरी मी काय केलं? भिंत पोतून घेतली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, ते माह्यंच.

अडीच वर्षाची होत आली तवा तोलली तिले, नऊ किलो सहाशे. मोबाइलात भरलं, पिवया. तो रंग मी हजार डाव पाहिला असन, पण माह्या पोरीच्या नावापुढं पाहिला अन् मोबाइल पदराखाली झाकला. वाटलं, आता गाव काय म्हणन, अंगणवाडीच्या बाईचीच पोट्टी अशी. अन् खरं सांगू, त्याच्याहीपेक्षा वाटलं का हे लिहिलं तं खरं होईन. आत्याबाईचीच भाषा झाली हे, मी बारा वर्षं जिच्याशी भांडली ते माह्याच पोटात बसून होती. मी आकडा खोडला, दहा किलो दोनशे भरलं, अन् रंग हिरवा झाला. इतकं बरं वाटलं, ताई, जसं तिनं खरंच काही खाल्लं. पुढच्या महिन्यात दहा चारशे, त्याच्या पुढच्यात दहा सहाशे. चार बाया पाहात राहत म्हणून, काटा जड दिसावा अन् बरगड्या झाकाव्या, तोलताना तिच्या अंगात स्वेटर, पायात चांदीच्या जाड तोरड्या. अन् पोट्टी खरं पाहता नऊ सहाशेवरच अटकून होती, तीन महिने, तसूभर हालली नाई.

आमच्या शेजारच्या आळीत कुसुम राहते, निंदाले, कापूस येचाले जाते. तिचा गोलू मैत्रीच्याच वयाचा, तो तांबड्यात गेला. तांबड्यातलं लेकरू अकोल्याले नेऊन दवाखान्यात ठेवा लागते, चौदा दिवस, मायले संग राहा लागते. मी तिच्या घरी गेली, म्हणलं चाल. ते म्हणे घरी म्हातारा सासरा, दोन बकऱ्या, कोण पाहीन. मी नेहमीसारखी तोंड सोडून बोलली, पोरापेक्षा बकऱ्या मोठ्या झाल्या का व तुले? ते गोलूचं नाक पुसत होती. मंग म्हणे, बाई, तुमची मैत्री अन् माह्या गोलूत काय फरक हाय, तिचेही हात काड्याच झाले, तिले काहून नाई नेत? मी म्हणलं तिचं वजन हिरव्यात हाय. ते म्हणे, चैतात स्वेटर घालून तोलता तुमी तिले, मले का दिसत नाई? मंग माह्या गोल्यालेही हिरव्यात लिहून द्या ना, म्हणजे आमालेही जा लागणार नाई.

रागानं नाई म्हणली ते. खरंच मागत होती, हात जोडून. मी उठली अन् घरी आली.

दुसऱ्या दिवशी वजनाचा दिवस होता. सगळ्या बाया जमल्या, मी पयले मैत्रीचा स्वेटर काढला, तोरड्या काढल्या, फ्रॉक काढला, अन् उघडी पोट्टी चड्डीत टाकली. बरगड्या मोजून घ्या अशी. आत्याबाई दारात उभ्या, म्हणत होत्या झाक तिले, झाक. काटा थांबला, नऊ सहाशे. मी मोठ्यानं वाचलं, मोबाइलात भरलं, पिवया रंग कुसुमले दाखवला, म्हणलं आता चाल, मी पण येतो.

मले वाटलं झालं, खरं लिहिलं, सुटली. पण तसं सुटता येत नाई. अकोल्याले डॉक्टरीण बाईनं गोलूले ठेवून घेतलं, मंग मैत्रीचा तक्ता पाहिला अन् तिच्या कपायाले आठ्या पडल्या. म्हणे मागच्या महिन्यापर्यंत तं चांगली चढत होती हो, एका महिन्यात एक किलो उतरली, हे साधं नाई, कोणता मोठा आजार तं नाई ना पाहा लागीन. अन् ते लिहाले लागली, ही तपासणी, ते तपासणी, पाठीच्या हाडात सुई घालाचंही काहीतरी म्हणली. मैत्री माह्या मांडीवर बसून माह्या बांगड्या मोजत होती. माह्या खोट्या आकड्यानं तिच्या अंगात सुया टोचणार होत्या. कुसुम बाजूले बसली होती. तिले सगळं ठाऊक. मीच बोलली. म्हणलं डॉक्टरीण बाई, ते तीन आकडे माह्या हातचे हायेत, मी सेविका हाय, मीच खोटे भरले, ते उतरली नाई, ते चढलीच नोती. डॉक्टरीण बाईनं पेन ठेवला. लिहिलेला कागद फाडला. शिवी दिली असती तं बरं झालं असतं. मंग म्हणे, रक्त तपासू पयले. रक्त लय कमी निघालं, दुधानंच पोट भरे, मंग भूक कुठून लागन. बाटली बंद केली, औषध दिलं. गावी येऊन सुपरवायझर मॅडमलेही सगळं सांगितलं, मले लेखी नोटीस भेटली, ते मी ठेवली हाय कपाटात.

याले आता पाच महिने झाले. पोट्टी घास गियाले लागली, डायभाजी खाते, पण सावकाश, मायची परीक्षा पाहात पाहात. मांगच्या महिन्यात दहा किलो शंभर भरली. पिवयाच हाय अजून. काट्यात बसवलं का ते पाय झाडते, हासते, अन् काटा थरथरते तवर माह्या छातीत काय होते ते मलेच ठाऊक. पण आता मी आकडा मोठ्यानं वाचतो. अन् कुसुमचा गोलू, ताई, हिरव्यात गेला! चौदा दिवसात तिले चारायचं कसं ते समजलं, तिचा सासरा अन् बकऱ्या आत्याबाईनं सांभायल्या, कोणाले सांगू नका, आत्याबाईच आता लोकाच्या लेकरायले तोलाले घेऊन येतात. मांगच्या वजनाले गोलूचा हिरवा रंग पाहून कुसुम माह्याकडे वयली, चारचौघीत, अन् म्हणे, काहून व बाई, काहून देत नाई पोरीले खायाले? सगळ्या बाया हासल्या. मीही हासली, अन् डोयात पाणी आलं. म्हणलं देतो माय, देतो, तुह्यावाणीच देतो.